कूळ म्हणून नाव आहे, मग जमीन आमची झाली का? एक-चौदाच्या उताऱ्यावरून उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात आजोबा भाटकाराचं (जमीनमालकाचं) शेत कसत होते आणि घरही त्याच भाटकाराच्या भाटात, माडांमध्ये. आजोबा १९८४ मध्ये गेले, वडील अलीकडे. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातल्या जमिनीच्या हक्कनोंदीवर) कब्जेदार म्हणून अजून भाटकाराचं नाव आहे आणि कुळाच्या रकान्यात आजोबांचं. काका म्हणतात, "भाऊसाहेबांनी जमीन तेव्हाच दिली, आता कसला अर्ज?" महाराष्ट्रातल्या दोडामार्गच्या मामांचं म्हणणं, "३२-गचं प्रमाणपत्र काढा, चाळीस पट भरा आणि मोकळे व्हा." आणि शेतासाठी एक गिऱ्हाईक टोकन घेऊन दारात उभं आहे. कोण खरं?

काका अर्धे खरे आहेत. मामा त्यांच्या तालुक्यापुरते पूर्ण खरे आहेत, तुमच्या तालुक्यात नाहीत. गिऱ्हाइकाकडे शेवटी येतो.

आधी एक गाठ सोडवू. तुम्ही "जमीन आमची का" असा एकच प्रश्न विचारला आहे, पण त्यात दोन प्रश्न आहेत. शेताला कूळकायदा लागतो, घराला मुंडकार कायदा (मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जागेत घर करून राहणारा). दोन्हींचे अर्ज वेगळे, तारखा वेगळ्या, पुरावे वेगळे. लोक दोन्ही एकाच अर्जात घालतात, मग मामलेदार कचेरीत फाइल फिरत राहते आणि दोष कारकुनाला दिला जातो.

काकांच्या वाक्यामागचा इतिहास थोडा समजून घ्यायला हवा, कारण तुमचा उतारा असा अर्धवट का राहिला याचं उत्तर तिथेच आहे. उरलेल्या देशात जमीनसुधारणा स्वातंत्र्याबरोबर सुरू झाली. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा, रत्नागिरीकडची खोती मोडणारा कायदा १९४९ चा. १९५६ च्या दुरुस्तीने मुंबई राज्यात १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि त्या दिवशी कूळ मालक मानलं गेलं. त्या वेळी गोव्यात पोर्तुगीज राज्य होतं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली आणि दयानंद (भाऊसाहेब) बांदोडकरांचं महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाचं सरकार आलं. त्या पक्षाच्या पाठीशी उभा राहिलेला मतदार मोठ्या प्रमाणात कूळ आणि मुंडकार होता, त्यामुळे जमिनीचा कायदा पुढे ढकलणं त्या सरकारला परवडणारं नव्हतं. १९६४ चा कूळकायदा झाला. पण नीट वाचा: त्या कायद्याने कुळाला मालक केलं नाही. त्याने संरक्षण दिलं. खंड (कुळाने भाटकाराला द्यायचा वाटा) उत्पन्नाच्या एक षष्ठांशावर आणला, भाटकाराच्या मर्जीने कुळाला उठवणं बंद केलं, आणि १ जुलै १९६२ पासून कायदा येईपर्यंतच्या काळात दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणाऱ्यालाही कूळ मानलं.

मालकी देणारी पायरी आली ती पाचव्या दुरुस्तीने. कृषकदिन २० एप्रिल १९७६. तेव्हा भाऊसाहेब हयात नव्हते. १९७३ च्या ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं आणि सरकार शशिकला (ताई) काकोडकरांचं होतं. तेव्हा काकांना हवं तर सांगा की भाऊसाहेबांनी उठवण्यापासून वाचवलं आणि मालकी ताईंच्या काळात आली. तुमच्या मामांच्या गावापेक्षा १९ वर्षांनी.

पुढे अजून एक वळण आहे. ही पाचवी दुरुस्ती कोर्टात गेली, तिथे ज्युडिशियल कमिशनरने (तेव्हाचं गोव्याचं वरचं न्यायालय) ती रद्द ठरवली, आणि १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने ती वैध ठरवली. मधल्या काळात एक पिढी संपली. ज्यांच्या नावावर कुळाचा हक्क होता ते आजोबा गेले, आणि मुलांना वाटलं "कायदा झाला म्हणजे झालं". गोव्यात असे अर्धवट उतारे गावोगाव सापडतात. तुमचा त्यातलाच एक.

आता मुद्द्याचं. कूळकायद्याच्या कलम १८ ए मध्ये असं आहे की कृषकदिनी कुळाने जमीन विकत घेतली असं "मानलं जाईल". मानलं जाणं म्हणजे हक्क त्या दिवशी जन्माला आला. पण विकत घेतली म्हटलं की किंमत आली. ती किंमत मामलेदाराने ठरवायची, कुळाने भरायची आणि मग खरेदीचं प्रमाणपत्र मिळायचं. किंमत ठरवायची तरतूद १८ सी मध्ये आहे, प्रमाणपत्राची १८ एच मध्ये. मामांना समजावताना सोपं करून सांगा: त्यांचं ३२-ग म्हणजे आपलं १८ सी, त्यांचं ३२-म म्हणजे आपलं १८ एच. त्यांचा सातबारा म्हणजे आपला एक-चौदा. इथपर्यंत जोड्या जुळतात. पुढे त्यांचं कलम ४३ आणि आपलं १८ के इथे मात्र फरक आहे, तो खाली येतो.

कायद्याची मूळ कल्पना अशी होती की मामलेदारानेच जाहीर नोटीस काढून गावातल्या सगळ्या कुळांना बोलवावं आणि किंमत ठरवावी. प्रत्यक्षात ज्या कुळाने पाठपुरावा केला त्याचं काम झालं, बाकीच्यांचं राहिलं. त्यामुळे तुमच्या आजोबांचा हक्क गेलेला नाही, पण पुरा झालेलाही नाही. कब्जेदाराच्या रकान्यात भाटकार आहे याचा अर्थ "सरकारने आम्हाला जमीन दिलीच नाही" असा नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून फेरफार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एक-चौदाचा उतारा वाचायचा कसा हे बहुतेकांना कोणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. सत्तरच्या दशकात भूमहसूल संहितेखाली सर्व्हे झाला आणि गावागावांत हक्कनोंद जाहीर झाली. तेव्हा जी नावं पडली तीच आज संगणकावर दिसतात. उताऱ्यावर सर्व्हे क्रमांक आणि पोटविभाग पाहा. मग क्षेत्र: लागवडीखालचं किती, खराबा किती. मग तीन रकाने: कब्जेदार, कूळ, इतर हक्क. कायदा असं धरतो की ही नोंद खरी आहे, जोवर कोणी उलट सिद्ध करत नाही. म्हणजे कुळाच्या रकान्यात आजोबांचं नाव असणं ही तुमची सगळ्यात मोठी शिदोरी आहे. सिद्ध करायचं ओझं आता भाटकारावर. त्याउलट ज्यांचं नाव त्या रकान्यात पडलंच नाही, त्यांना आधी कलम ७ खाली "आम्ही कूळ आहोत" हे ठरवून घ्यावं लागतं, आणि खरी लढाई तिथे होते. ते लोक पावत्या, शेजारच्या शेतकऱ्यांच्या साक्षी, शेताच्या चतुःसीमा, सगळं गोळा करत बसतात. तुम्ही त्यातून वाचला आहात.

फक्त संगणकाचा उतारा घेऊन चालणार नाही. जुना हस्तलिखित एक-चौदा मागा, फॉर्म तीन मागा, सर्व्हेचा नकाशा मागा आणि फेरफाराचे फॉर्म नऊ मागा. हाताने लिहिलेल्या नोंदीवरून संगणकावर घेताना चुका झालेल्या असतात: पोटविभाग चुकतो, आडनाव गळतं, कधी कुळाचं नाव "इतर हक्क" मध्ये जाऊन बसतं. जुन्या कागदावर बरोबर असेल तर दुरुस्ती सोपी. जुन्यावरही चूक असेल तर सोपी नाही.

नावाचा घोळ ही गोव्याची खास डोकेदुखी. मुक्तीपूर्वीच्या दस्तांत नावं पोर्तुगीज धाटणीने लिहिलेली: शंकरचा "शेंकोर", प्रभूचा "पोरोब". सर्व्हेत तेच आजोबा घरच्या नावाने, वडिलांच्या नावाशिवाय. मृत्यूच्या दाखल्यावर आडनाव "नाईक", शेताच्या नोंदीत "गावकर". दोन्ही एकच माणूस हे दाखवायला प्रतिज्ञापत्र लागतं, पण नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही. त्याच घरक्रमांकाची जुनी घरपट्टी, मतदारयादी, मुलांच्या शाळेचा दाखला, अशा दोन-तीन कागदांनी नाव, गाव आणि घर एकत्र बांधून दाखवा. हे काम अर्जाच्या आधी करा. सुनावणीत भाटकाराच्या वकिलाने "हा विठू कोण?" असं विचारल्यावर कागद शोधायला धावलात, तर पुढची तारीख कधी पडेल हे त्या कचेरीवर अवलंबून.

यानंतर वारस. इथे तुमच्यासारख्या कुटुंबांचं काम सगळ्यात जास्त अडतं. कूळ मेलं की कुळाचा हक्क वारसांकडे जातो, त्यात वाद नाही. पण वारस कोण, हे गोव्यात महाराष्ट्रातल्या सवयीने ठरवू नका. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आहे आणि आता २०१२ चा वारसाहक्क कायदा आहे, जो २०१६ पासून अमलात आहे. मुलगा आणि मुलगी सारखेच, लग्न झालेली असो वा नसो. नवरा-बायकोने लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक. म्हणून आजीचा अर्धा वाटा आजोबांच्या मृत्यूने मिळालेला नसतो, तो आधीपासूनच तिचा असतो. आणि व्यवहाराची वेळ आली की आत्याबरोबर आत्याच्या यजमानांचीही सही लागते. "आत्याला लग्नात दिलं ते दिलं, ती काही मागणार नाही" हे घरात बोलायला ठीक आहे. ती खरोखरच मागणार नसेल तर तिने रीतसर हक्कत्याग करावा. पण तिचं नाव लपवून वारसांचा दस्त करू नका. असा दस्त पुढे कोणीही मोडू शकतो, आणि त्याच्यावर उभं राहिलेलं प्रमाणपत्रही डळमळतं.

वारसांचा दस्त विशेष नोटरीपुढे होतो. वारसांत वाटणीचा वाद नसेल तर मामलेदाराच्या कामाला तो पुरतो. वाद असेल किंवा वाटे पाडायचे असतील तर दिवाणी कोर्टात इन्व्हेंटरी (मालमत्तेची यादी करून वाटणी ठरवायचं काम). तुमच्या बाबतीत दोन पिढ्या आहेत, आजोबा आणि वडील, तेव्हा दोघांचेही वारस दाखवावे लागतील. सगळ्यांचे जन्म, मृत्यू आणि विवाहाचे दाखले काढून एका कागदावर वंशावळ मांडा. मुंबई-पुण्याला किंवा पोर्तुगालला कोणी असेल तर त्याचं मुखत्यारपत्र आताच मागवा.

मग १८ सीचा अर्ज मामलेदाराकडे. अर्जात सर्व्हे क्रमांक, पोटविभाग, क्षेत्र, तुम्ही सगळे वारस अर्जदार, आणि समोर भाटकार. भाटकार हयात नसेल तर त्याचे सगळे वारस, बायका-नवऱ्यांसह. मधल्या काळात भाटकाराने जमीन कोणाला विकली असेल तर तो खरेदीदारही. विकली म्हणून तुमचा हक्क जात नाही, तो जमिनीबरोबर नव्या मालकाच्या डोक्यावर जातो. पण त्याला पक्षकार केलं नाही तर त्याच्यावर तो आदेश लागू होणं कठीण. भाटकाराच्या जागी कोमुनिदाद (गावकऱ्यांची सामूहिक जमीन सांभाळणारी संस्था) असेल तर नोटीस कोमुनिदादीच्या मुखत्याराला जाते, गावकरांच्या एखाद्या ओळखीच्या माणसाला नव्हे. भाटकाराचे वारस सापडत नसतील तर जुन्या नोंदणी कार्यालयातला वर्णन क्रमांक शोधा. पोर्तुगीज काळातल्या त्या नोंदीवरून मूळ कुटुंब आणि पत्ता कळतो, आणि नोटिशीचा पत्ता मिळाल्याशिवाय काम एक पाऊल पुढे सरकत नाही.

नोटिसा लागू झाल्या की तलाठ्याचा अहवाल, प्रत्यक्ष पाहणी, मग सुनावणी. भाटकार हजर राहून "हा आमचा कूळच नव्हे" म्हणाला तर किंमत बाजूला राहते आणि आधी कूळ आहे की नाही हे ठरतं. तुमच्याकडे नोंद आहे, म्हणून त्याला उलट सिद्ध करावं लागेल. त्याचे नेहमीचे मुद्दे तीन. एक, "तो मजूर होता, रोजावर राबायचा." दोन, "माड पाडायचं, काजू गोळा करायचं काम त्याने पावणीत (लिलावात) वर्षावर घेतलं होतं." तीन, "शेत सोडून दिलं, कित्येक वर्षं पडीक आहे." पहिल्याला उत्तर खंडाच्या पावत्या. भाटकाराने पावती दिलीच नसेल, आणि पुष्कळ जण देत नव्हते, तर शेजारच्या कुळांच्या साक्षी. दुसरा मुद्दा भातशेतीत फारसा टिकत नाही, बागायतीत टिकू शकतो. म्हणून तुमचा सर्व्हे क्रमांक भातशेताचा की माडांचा, हे आधी पाहा. तिसऱ्याचं उत्तर असं की पडीक ठेवल्याने कृषकदिनी जन्मलेला हक्क आपोआप मरत नाही, पण साक्षीदार कमी होतात. मेरा (बांध) कोणाच्या हे सांगणारे म्हातारे गेले की पुरावा पातळ होतो.

किंमत किती, याला सगळे घाबरतात. घाबरू नका. ती आजच्या प्लॉटच्या दराने ठरत नाही, कायद्यातल्या पद्धतीने जमिनीच्या प्रकारावर ठरते. आदेशात जी मुदत आणि हप्ते असतील ते पाळा. किंमत ठरून ती न भरल्यामुळे अडकलेल्या फाइली आहेत, आणि त्या पुन्हा उघडणं नवा अर्ज करण्यापेक्षा त्रासाचं. चलन भरलं, प्रमाणपत्र हातात आलं, की ते लावून फेरफाराचा अर्ज करा. प्रमाणपत्र कपाटात ठेवून फेरफार विसरलेली घरंही कमी नाहीत, आणि त्यांच्या उताऱ्यावर भाटकार तसाच राहतो.

एक तांत्रिक अडचण आधीच सांगतो: एका पोटविभागात तीन-चार कुळं असतात. नोंदीत सगळ्यांची नावं, पण कोणाच्या वाट्याला किती, हे कुठेच नाही. अशा वेळी मेरांवरून मोजणी करून नकाशा तयार करा आणि बाकीच्या कुळांची लेखी संमती घ्या. संमती नसेल तर तुमचा हिस्सा ठरेपर्यंत प्रमाणपत्र निघणार नाही, किंवा निघालं तरी एकत्र निघेल.

आता घर. मुंडकार कायदा १९७५ चा, ठरलेली तारीख १२ मार्च १९७६. त्या दिवशी किंवा त्याआधीपासून भाटकाराच्या जागेत, त्याच्या संमतीने किंवा त्याने हरकत न घेतल्याने, पक्कं वास्तव्य करून राहत असलेला तो मुंडकार. घर भाटकाराने बांधून दिलं की आजोबांनी स्वतः, याने फरक पडत नाही. फरक पडतो तो यात: आजोबा त्या घराचं भाडं देत होते का? देत असतील तर ते भाडेकरू ठरतात, मुंडकार नव्हे, आणि मग कायदाच वेगळा. भाटकाराच्या माडांची राखण करत होते, नारळ पाडायच्या दिवशी हजर राहत होते, एवढ्याने ते नोकर होत नाहीत. पण "फक्त राखणदार म्हणून ठेवला होता" हा भाटकाराचा आवडता बचाव आहे, त्याची तयारी ठेवा.

मुंडकाराला दोन पायऱ्या. आधी मामलेदाराकडून "हा मुंडकार आहे" अशी घोषणा, ती ८ ए खाली. मग घर आणि भोवतालची जागा विकत घ्यायचा अर्ज. जागा किती मिळते यावर लोक सगळ्यात जास्त भांडतात, म्हणून आकडे लक्षात ठेवा: हिशेब बाहेरच्या भिंतीपासून ५ मीटरच्या पट्ट्याने होतो, किंवा पंचायत हद्दीत ३०० आणि पालिका हद्दीत २०० चौरस मीटर या मापाने. गुरांचा गोठा, जायची वाट ही त्यात धरायची असतात, म्हणून नकाशात दाखवा. पूर्ण भाट मिळेल अशी आशा धरू नका. आणि घराची दुरुस्ती करायचा तुम्हाला हक्क आहे म्हणून जोतं वाढवू नका. आधी मूळ घराचा नकाशा नोंदीवर येऊ द्या, नाहीतर "मूळ घर कुठलं आणि वाढवलेलं कुठलं" या प्रश्नावर पाहणी अडकते.

घरपट्टीबद्दल एक गैरसमज सरसकट आढळतो. पंचायतीची घरपट्टी भरली म्हणजे घर तुमचं झालं, असं नाही. ती मालकीचा पुरावा नाही, वास्तव्याचा आहे. पण मुंडकाराच्या कामात वास्तव्यच सिद्ध करायचं असतं, म्हणून १९७६ च्या आधीची एक पावती सापडली तर ती सोन्यासारखी. तशी नसेल तर जुनी मतदारयादी, त्या घरक्रमांकावरचे जन्मदाखले, रेशनकार्ड.

आता मामांचं "चाळीस पट". महाराष्ट्रात २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला १० वर्षं झाली की आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट रक्कम भरून कूळकायद्याची जमीन विकायची वाट मोकळी झाली. तो नियम तिथला. गोव्यात १८ के प्रमाणे खरेदी झालेली कुळाची जमीन मामलेदाराच्या परवानगीशिवाय विकता, दान देता, गहाण किंवा भाड्याने देता येत नाही. आणि त्यावर १९९१ चा जमीन वापर नियमन कायदा आहे: कूळकायद्याने कुळाकडे आलेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायची नाही. नगरनियोजनाच्या आराखड्यात तिचा रंग बदलला तरी हा कायदा तिथेच असतो. गिऱ्हाईक "झोन बदलून घेतो" म्हणतं तेव्हा हे आठवा. भातशेत असेल तर २०२३ च्या कायद्याने बिगरशेतकऱ्याला ते विकण्यावर वेगळं बंधन आहे. म्हणजे एका शेताभोवती तीन कुंपणं.

ही कुंपणं चांगली की वाईट? माझं मत: भातशेती वाचली ती या कुंपणांमुळे, पण कुंपणाच्या आत शेत कसणारा उरला नाही त्याला कारणही जमिनीचा हा अर्धवटपणा आहे. प्रमाणपत्र नाही म्हणून बँक कर्ज द्यायला कचरते. भाटकार एक षष्ठांश खंडाच्या मागे लागत नाही, त्याला ते परवडत नाही. कोमुनिदादीचं शेतांचं उत्पन्न आटलं आणि तिचं मेरांकडचं लक्षही कमी झालं. १९७५ च्या नियमांनी मेरा आणि मानसी (पाणी सोडायची-अडवायची दारं) राखायची संयुक्त जबाबदारी कुळांच्या संघावर आली. ज्या गावात संघ जागा होता तिथे खाजनं (खाडीकाठची बांधून राखलेली शेतं) पिकली, जिथे झोपला तिथे खारं पाणी आत आलं. मुक्तीनंतरच्या गोव्याने कुळाला उठवणं थांबवलं हे फार मोठं काम झालं. हक्काचा कागद त्याच्या हातात देणं हे दुसरं काम, आणि ते अजून अर्धं राहिलंय.

आता टोकनवाल्याकडे. तो बहुधा दोनपैकी एक गोष्ट मागेल. पहिली: "मी भाटकाराकडून जमीन घेतली आहे, तुम्ही कूळ म्हणून हक्क सोडला एवढं लिहून द्या, पैसे घ्या." कुळाने जमीन परत द्यायची तर ती कायद्यात सांगितलेल्या रीतीने मामलेदारापुढे द्यावी लागते. स्टॅम्पपेपरवर गुपचूप दिलेलं "हक्क सोडला" याला कायद्यात फारसं वजन नाही, पण तुम्हाला कोर्टात ओढायला पुरेसं असतं. दुसरी: "आजोबा कूळ नव्हतेच, नाव चुकून पडलं, असा जबाब द्या." या मागणीचं कारण उघड आहे. जमीन कुळाची नव्हतीच असं ठरलं की १९९१ चा कायदा लागत नाही आणि प्लॉट पाडता येतात. म्हणून तो या जबाबाला शेताच्या किमतीपेक्षा जास्त पैसे देईल. लक्षात ठेवा, तो खोटा जबाब शपथेवर असतो आणि सही करणारा तुम्ही असता. शिवाय आत्या, चुलत भाऊ यांनी सही केली नसेल तर त्यांचा हक्क तसाच उभा राहतो आणि ते तुमच्यावर येतात.

टोकन घेऊ नका. तो खरोखरच शेत कसणारा असेल तर प्रमाणपत्र निघून फेरफार होईपर्यंत थांबेल, आणि मग १८ के खाली परवानगी मागता येईल.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात जुने उतारे आणि नकाशा मागा. ते येईपर्यंत आत्याकडे जाऊन तिला सगळं सांगा, कारण वंशावळीत तिचं नाव पहिल्या ओळीत येणार आहे. वारसांचा दस्त झाला की १८ सी चा आणि ८ ए चा अर्ज, दोन वेगळ्या फाइलींत, एकाच दिवशी द्या आणि पोचपावती दोन्हींची वेगवेगळी घ्या. एक-चौदावर "इतर हक्क" मध्ये घराची नोंद आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते आणि शेतात एकूण किती कुळांची नावं आहेत, एवढं इथेच लिहा, मग मोजणी आधी की अर्ज आधी ते सांगता येईल.